साठावा ठिपका

"हा कोण ग, वरातीतून चुकलेला?"

राजंदेकर मॅडमनी लाल पेन्सिलीचं टोक आलेखाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टेकवलं. बाकीचे ठिपके डावीकडून उजवीकडे खाली उतरत गेले होते, घाट उतरणाऱ्या मेंढरांसारखे. थोडे इकडे, थोडे तिकडे, पण दिशा एकच. हा एकटाच वर जाऊन बसला होता.

"सदतीस नंबर," मी म्हटलं. "शेषराव गावंडे. एसटीत वाहतूक नियंत्रक होते."

"आठवड्यात शेहेचाळीस जणांशी बोलतो आणि एकटेपणाचे गुण ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर? उलटी विधानं उलटी मोजलीस ना?"

"दोनदा मोजली."

"तिसऱ्यांदा मोज."

एक्क्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी मानसशास्त्राचं एम.फिल. करत होते आणि मॅडम एकतीस मार्चला निवृत्त होणार होत्या. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्याआधी प्रबंध गेला, आणि त्यात दाखवण्याजोगं काही निघालं, तर जूनमधली अर्धवेळ शिकवण्याची जागा मला मिळणार, असं त्यांनी विभागप्रमुखांकडून वदवून घेतलं होतं. नाही तर वसतिगृहाची खोली सोडायची आणि पुढे काय, ते मी लिहून ठेवलेलं नव्हतं. एरवी मी सगळं लिहून ठेवायचे. कोण किती वेळा हसतं, कोण कुणाला आधी नमस्कार करतं, कुणाची छत्री कुणाकडे आहे. माणसांकडे बघायची मला खोड होती. माणसांनी माझ्याकडे बघायचं मात्र राहून जायचं.

विषय होता, एकट्यानं राहणाऱ्या निवृत्त माणसांचा एकटेपणा आणि त्यांचा लोकांशी असलेला संपर्क. एक वाढला की दुसरा कमी होतो का, एवढंच पाहायचं. याला सहसंबंध म्हणतात. दोन गोष्टी जोडीनं चालतात की नाही ते बघायचं, का चालतात ते विचारायचं नाही. स्थळ बघणाऱ्यांसारखं आहे ते. पत्रिका जुळली म्हणजे झालं, पुढचं नवराबायको बघून घेतील.

शहरातून साठ माणसं निवडायची होती. प्रत्येकाला दोन गोष्टी दिल्या. पहिली, वीस विधानांची प्रश्नावली. निम्मी विधानं सरळ: 'संध्याकाळ झाली की घर मोठं वाटतं.' याला 'नेहमी' म्हटलं की चार गुण. निम्मी उलटी: 'मी दोन दिवस दिसलो नाही तर कुणीतरी घरी येऊन पाहील.' इथे 'नेहमी' म्हटलं की एकच गुण, 'कधीच नाही' म्हटलं की चार. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या माणसाचा एकटेपणा. दुसरी गोष्ट, सात पानांची वही. आठवडाभर ज्याच्याशी पाच मिनिटांहून जास्त बोलणं झालं त्याची नोंद त्यात करायची. ती मोजली की त्या माणसाचा संपर्क.

"गावंडेला धरून सहसंबंधाचा गुणांक किती येतो?" मॅडमनी विचारलं.

"उणे अठरा शतांश."

"आणि त्याला सोडून?"

"उणे सत्तावन्न."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठ माणसांच्या नमुन्यात गुणांक निदान पंचवीस शतांश तरी लागतो, नाही तर तो निव्वळ योगायोग समजायचा. एकोणसाठ माणसं सांगत होती, लोकांत जा, एकटेपणा कमी होतो. एक माणूस कोपऱ्यात बसून म्हणत होता, नाही.

"जा, भेट त्याला. फुगवून लिहिलं असेल तर काढून टाक. पण काढायचं कारण लेखी हवं. आवडला नाही म्हणून ठिपका काढता येत नाही." मग त्यांची पेन्सिल डावीकडे सरकली. "आणि हे शहाणं लेकरू बघ. साठ नंबर. संपर्क तीन, गुण सत्तावन्न. पट्टी लावून ठेवल्यासारखं रेषेवर बसलंय. कोण हे?"

"श्रीमती क. वि. देव. निवृत्त शिक्षिका."

"असे साठ मिळाले असते तर मी सुखानं घरी गेले असते," मॅडम म्हणाल्या.

मी कागद गुंडाळला आणि बाहेर आले. क. वि. देव नावाची बाई अमरावतीत नव्हती. मी ज्या गावात राहत होते त्यात तरी नव्हती.

झालं होतं असं, की साठावे म्हणून धरलेले एक निवृत्त तहसीलदार आठवड्याच्या मध्येच मुलीकडे दुर्गला निघून गेले, वहीसकट. नवा माणूस शोधायचा म्हणजे पुन्हा पंधरा दिवस. मी एका रविवारी दुपारी खोलीत बसून तो फॉर्म स्वतःच भरला. वय एकसष्ट टाकलं, डाव्या हातानं सही केली. वही भरताना तीन माणसं रचली: शेजारच्या काकू, वाचनालयातले लिपिक आणि जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापिका. हे पाप संशोधनात काही मी शोधून काढलेलं नाही. आमच्या वसतिगृहातल्या एका मुलीनं तर अख्ख्या आश्रमशाळेचे फॉर्म खोलीत बसून भरले होते.

मला नवल वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. फॉर्म भरला तेव्हा मी ठिपक्यांमधून जाणारी रेषा काढलेलीच नव्हती. बेरजाही केल्या नव्हत्या. तरी माझी देवबाई नेमकी रेषेवर पडली. माणसं वाचण्याचा आपला हात किती बसलाय, असं मनाशी म्हणत मी दोन दिवस खुशीत होते.

*

गावंडे घरी नव्हते. मी कुलपाकडे बघत असताना शेजारच्या बाईंनी न विचारताच सांगितलं, "स्टँडवर पाहा. चौकशीच्या खिडकीपाशी असतीन."

निवृत्त होऊन चार वर्षं झालेला माणूस खरंच तिथे होता. खिडकीच्या आत नव्हे, तिच्या बाजूच्या सिमेंटच्या बाकावर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. खिडकीतल्या नव्या नियंत्रकापुढे रांग होती आणि तो मान वर न करता उत्तरं देत होता. त्यामुळे रांगेतली अर्धी माणसं वैतागून बाकाकडे वळत होती.

"बाबा, दर्यापूर?"

"दर्यापूर आता गेली. पुढची साडेअकराची. पण ते भरून येते. तुमी असं करा, मूर्तिजापूरच्या गाडीत बसा, मधात उतरा." मग त्या माणसाला कुठे उतरायचं, उतरल्यावर कोणत्या झाडाखाली उभं राहायचं, तिथला चहा का प्यायचा नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी घड्याळ बघत होते. साडेसहा मिनिटं.

मला पाहून ते ओळखीचं हसले. "या बाई. कोणती गाडी पाह्यजे?"

"गाडी नको. तुमच्या वहीबद्दल विचारायचं होतं."

"चुकली का?"

"शेहेचाळीस माणसं लिहिली आहेत तुम्ही."

"मंग? कमी लिहाले पाह्यजे होते का?"

मी वही उघडली. 'परतवाडा, बाई, दोन लेकरं, सहा मिनिटं.' 'मोर्शी, म्हातारा, ऐकू येत नाही, बारा मिनिटं.' 'चांदूर, पोट्टे तीन, सात मिनिटं.' पानोपानी हेच.

"यांची नावं नाहीत," मी म्हटलं.

"नाव कायले सांगतीन ते? गाडी पाह्यजे त्याईले."

मी मनात कारणाचं वाक्य जुळवायला लागले. 'प्रतिसादकाने नोंदी वाढवून लिहिल्या आहेत.' पण त्याला पुरावा हवा. म्हणून मी त्याच बाकावर बसून राहिले आणि माझी वही काढली. चार वाजेपर्यंत पाच मिनिटांवर गेलेली बोलणी मी मोजली. सात. आठवड्याची एकोणपन्नास झाली असती. उलट त्यांनी तीन कमीच लिहिली होती.

"निघाली का माही चूक?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हाव न. मी तीस वर्षं वेळेचं काम केलं. मिनिट मले चुकत नाही."

"पण मग गुण कसे जुळतात? दिवसाला सात माणसं तुमच्याशी बोलतात. तरी चौऱ्याहत्तर?"

त्यांनी माझ्याकडे, वर्गात मागे बसणाऱ्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. "माह्याशी कुठं बोलतेत बाई? गाडीशी बोलतेत. मी नुसता मधात बसेल हाव."

"मग येता कशाला?"

"घरी बसलं तं गाडीही नाही."

मग त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट केलं. कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा वर आला होता. "त्यातला एक द्या. आता तुमची पाळी."

"माझी कशाला?"

"मी भरला न. तुमी भरा. दुसऱ्याचं नुसतं घेत राहणं चांगलं नाही बापा."

मी हसून एक कागद दिला. चष्मा लावून, पेन उघडून ते असे बसले, जणू खिडकीच परत मिळाली होती.

"एक. संध्याकाळ झाली की घर मोठं वाटतं. नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही?"

"माझी खोली दहा बाय आठ आहे. मोठी कशानं वाटणार?"

"फिरवून सांगू नका. तुमीच मले म्हणल्या होत्या."

"बरं. नेहमी."

त्यांनी खूण केली. "दोन..." एक बाई आडवी आली. "भाऊ, अचलपूर?" "परतवाड्याच्या गाडीत बसा, सहा नंबरले लागली." मग पुन्हा कागदाकडे. "दोन. गंमत घडली की ती सांगायला कुणीतरी असतं."

"वहीत लिहिते मी."

"वही कुणीतरी हाय का?"

"क्वचित."

असं चालू राहिलं. मध्ये नेर गेली, मध्ये वरूड. त्यांना घाई नव्हती. मी सुरुवातीला थट्टेवर नेत होते, पण त्यांना थट्टा ऐकू यायची नाही, फक्त उत्तर ऐकू यायचं.

"नऊ. माझ्या आवडीनिवडी माहीत असलेलं माणूस आहे."

"खानावळीच्या काकूंना माहीत आहे. मला कारलं चालत नाही."

"किती जणाईचे डबे करते थे?"

"सत्तर."

"मंग कारल्याच्या दिवशी तुमाले दुसरं देते का?"

मी पिशवीतला गठ्ठा सारखा केला.

"क्वचित लिहितो," ते म्हणाले. "काकू कामाची बाई हाय, तिचा दोष नाही."

चौदाव्यावर ते थांबले. ते होतं दोन दिवस न दिसण्याचं. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि पेन तसंच धरून ठेवलं. समोर एका गाडीचा वाहक घंटी वाजवून लोकांना आत लोटत होता.

"मी तं 'कधीच नाही' लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुमचं काय?"

"तेच."

"सोपा हाय हा," ते म्हणाले आणि खूण करून पुढे गेले.

वीस झाल्यावर त्यांनी कागदाची चौघडी घातली आणि तिकीट द्यावं तसा माझ्या हातात दिला. "बेरीज तुमी करा. उलटं सुलटं मले नाही समजत."

*

बेरीज मी खोलीवर जाऊन केली. एकोणसाठ.

देवबाईंचा फॉर्म काढून शेजारी ठेवला. सत्तावन्न. मग एकेका विधानावर बोट ठेवत गेले. वीसपैकी सतरा उत्तरं तंतोतंत तीच. एकाच माणसाला महिन्याच्या अंतरानं दोनदा विचारलं की उत्तरं जेवढी जुळायला हवीत, तेवढी ती जुळत होती. पुस्तकात याला पुनर्चाचणीची विश्वासार्हता म्हणतात, आणि ती इतकी चांगली क्वचितच येते.

वही उघडली. शेजारच्या काकू म्हणजे खानावळीच्या काकू. वाचनालयातले लिपिक म्हणजे आमच्याच ग्रंथालयातले, ज्यांच्याशी माझं पुस्तक हरवल्यावरून भांडण झालं होतं. मुख्याध्यापिका, मंगळवारी, पंचवीस मिनिटं. मंगळवारी मी राजंदेकर मॅडमना भेटायचे.

मी काहीच रचलं नव्हतं. वय आणि नाव सोडलं तर सगळा फॉर्म खरा होता.

तीन वर्षं त्या गावात राहून, लोकांच्या नोंदी ठेवून, माझ्या हाती माझ्याबद्दल एवढा एकच कागद होता. तोही दुसऱ्या बाईच्या नावावर, डाव्या हाताच्या सहीचा.

*

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी गेले. मॅडम परीक्षेच्या वह्यांवर सह्या करत होत्या.

"काढलास का सदतीस?"

"नाही. त्यांचं सगळं खरं आहे. मी दिवसभर बसून मोजलं. साठ काढायचा आहे."

"साठ? त्यानं काय घोडं मारलं?"

"देवबाई नाहीत, मॅडम."

"म्हणजे वारल्या?"

"म्हणजे नव्हत्याच."

सही अर्धवट राहिली. मॅडमना राग आला की त्या आधी पेनाचं टोपण लावायच्या, मग बोलायच्या. त्यांनी टोपण लावलं. हात पुढे केला. मी फॉर्म दिला.

"रेषा बघून भरलास?"

"रेषा काढायच्या आधी."

"मग इतका बरोबर कसा बसला?"

मॅडमनी वीसही विधानं वाचली. हळू वाचली. छत्तीस वर्षं लोकांच्या प्रश्नावल्या वाचलेली बाई. एक नजर टाकून बाजूला ठेवायची त्यांची सवय होती. मग वही चाळली.

"ही मुख्याध्यापिका," त्या म्हणाल्या. "मंगळवारी भेटते."

"हो."

"पंचवीस मिनिटं."

"कधी कधी तीस."

त्यांनी वही मिटली.

"काढ," मॅडम म्हणाल्या. "आणि गावंडेला तूर्त बाजूला ठेवून आकडा सांग."

मी तिथेच बसून गणकयंत्रावर सगळं पुन्हा केलं. दोन वर्ग, एक गुणाकार, वर्गमूळ. पाऊण तास गेला. मॅडम सह्या करत राहिल्या.

"उणे छप्पन्न शतांश."

"आधी सत्तावन्न होते." त्यांनी मान न उचलता म्हटलं, "म्हणजे तू असलीस काय नि नसलीस काय, एका शतांशाचा सवाल."

बोलून झाल्यावर त्यांनी मान उचलली. त्यांची थट्टा नेहमीचीच होती, पण त्या दिवशी ती टेबलावरून पलीकडे येईपर्यंत थट्टा राहिली नाही. मी आलेखावरचा माझा ठिपका खोडत होते. तो काढून टाकण्यात मला काही अडचण नव्हती. मी निवृत्त नव्हते, वयात बसत नव्हते. एकट्या माणसांच्या यादीतसुद्धा मी नियमाबाहेरचीच होते.

"आता गावंडेला धर," मॅडम म्हणाल्या.

ते मी रात्रीच करून ठेवलं होतं. "उणे पंधरा."

"पंचवीस लागतात."

"ठाऊक आहे."

"गावंडेला काढलं तर छप्पन्न. प्रबंध वेळेत, जून तुझा. लेखी कारण मी देते. 'प्रतिसादकाने संपर्क या संज्ञेचा अर्थ चुकीचा घेतला.' एक ओळ. कुणी विचारणार नाही. आणि त्यात फार खोटंही नाही."

ती ओळ चांगली होती. ती माझ्या प्रबंधात कोणत्या पानावर, कोणत्या तक्त्याखाली बारीक अक्षरात बसेल, तेही मला दिसलं. मला ती जागा हवी होती. जूनमध्ये वर्गात उभं राहिलं असतं तर साठ मुलांना माझं नाव कळलं असतं.

"अर्थ त्यांनी चुकीचा घेतला नाही, मॅडम," मी म्हटलं. "पाच मिनिटांवर बोलणं म्हणजे संपर्क, हे आपण सांगितलं. त्यांनी घड्याळ लावून लिहिलं."

"मग चूक कुणाची?"

"वहीची. वहीत कोण आलं ते आहे. कुणासाठी आलं ते विचारायला जागा नाही."

"वही माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "एकोणऐंशी साली केली. सहा प्रबंध झाले तिच्यावर."

"हो."

"सहा प्रबंधांत असे कोपऱ्यातले ठिपके निघाले. दरवेळी लेखी कारण दिलं मी."

हे त्या माझ्याशी बोलत होत्या की खिडकीशी, ते सांगता येणार नाही. थोड्या वेळानं त्यांनी आलेख माझ्याकडे सरकवला.

"ठेव त्याला. परिकल्पना फेटाळली म्हणून लिही. जून विसर."

"विसरले."

"उगाच हुतात्म्यासारखा चेहरा करू नकोस. आता एकोणसाठ राहिले. विद्यापीठाला दिलेल्या आराखड्यात साठ आहेत. साठावा कुठून आणणार?"

"शोधते."

"निकष वाच."

मी आराखडा काढला. "निवृत्त. एकट्यानं राहणारे. वय अठ्ठावन्नच्या वर. शहरात किमान पाच वर्षं वास्तव्य."

"एक एप्रिलला माझ्या घरी ये. प्रश्नावली आण, वही आण."

मला कळायला वेळ लागला. मग म्हटलं, "मॅडम, तुम्ही मार्गदर्शक..."

"एकतीस मार्चपर्यंत. पुढे तुझे कागद विभागप्रमुखांकडे जातील. नियमात बसतं, मी पाहिलंय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पुढची वही ओढली. "जा आता. दार लोटून घे."

*

निकाल आधीच सांगून टाकते. प्रबंध जुलैत गेला. शेवटचा गुणांक उणे दहा शतांश, म्हणजे काहीच नाही. जूनची जागा नागपूरच्या एका मुलाला मिळाली. मी पुढे अडीच वर्षांनी पुण्याला एका सरकारी सांख्यिकी कार्यालयात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. गावंडेंना मी प्रबंधातलं त्यांचं पान वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "एवढंच होतं तं मी पैलेच सांगतलं असतं," आणि एका नवरानवरीला यवतमाळची गाडी दाखवायला उठले.

पण त्याआधीचा एप्रिल सांगायचा आहे.

एकतीस मार्चला मॅडमचा निरोप समारंभ झाला. सभागृह भरलं होतं. हार इतके, की ते उतरवून ठेवायला दोन खुर्च्या लागल्या. जुने विद्यार्थी अकोल्याहून, वर्ध्याहून आले होते. अकरा भाषणं झाली, ती मी मोजली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी वही आणि प्रश्नावली देऊन आले, दारातूनच. आठ तारखेला परत न्यायला गेले.

कॅम्प भागात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दोन वर्षांत मी तिथे आत गेले नव्हते. मॅडमनी दार उघडलं, मला बसायला सांगितलं, टेबलावरच्या वहीत उभ्याउभ्याच काहीतरी लिहिलं आणि ती प्रश्नावलीसकट माझ्या हातात दिली.

"तपासून घे. अर्धवट राहिलं असेल तर पुन्हा फेऱ्या नकोत." आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मी प्रश्नावलीची बेरीज तिथेच केली. अठ्ठावीस. साठ जणांतले सर्वांत कमी गुण. बाई सुखी होती, कागद तसं म्हणत होता. पण त्या वीस विधानांपैकी कोणती उलटी आणि कोणती सरळ, कुठे खूण केली की काय मोजलं जातं, हे मॅडमना तोंडपाठ होतं. त्यांनी खरं लिहिलं की शिस्तीत लिहिलं, हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही.

मग वही उघडली.

पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. हार घातलेली ती सगळी माणसं मी त्या पानांवर शोधत होते. तिसरं, चौथं, पाचवं. सहाव्या पानावर तारीख तेवढी घातलेली. सातव्या पानावर ओलसर शाईत एकच नोंद होती, माझी. 'उज्ज्वला इंगोले. सुरुवात, दहा वाजून वीस मिनिटं.' संपल्याची वेळ लिहायची जागा मोकळी ठेवली होती.

मला त्या दिवशी बाराच्या आत विभागप्रमुखांकडे कागद द्यायचे होते. मी वही मिटली, पिशवीत घातली आणि पिशवी खुर्चीखाली सरकवली.

"साखर किती घालू ग?" आतून आवाज आला.

दोन वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"दीड चमचा," मी म्हटलं, आणि उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "आणि तुम्हाला?"